कथकला पीईचं क्रेडिट मिळतं का हो?

मागच्या अंकात सुट्टीबद्दलच्या एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की आमच्या मोठीनं नववीत शाळेतल्या पीईऐवजी, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या तासाऐवजी, कथक लावलं होतं आणि शाळेनं ते धरलं. बास, तेवढ्या एका वाक्यावर मेलांचा नुसता पाऊस. सगळ्यात जास्त आमच्या न्यू जर्सीतून, पण वॉशिंग्टन, ओहायो, नाशिक आणि चक्क कर्वेनगरातूनसुद्धा. म्हणून यावेळी दुसरं काही नाही, हेच. सारखे सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगी यंदा नववीत गेली. आठवड्यातून तीन दिवस कथक, शाळेत पीई आहेच, वर होमवर्क, झोपायला रोज साडेअकरा. तुमचं वाचून शाळेत फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या असं काही नसतं. मग खरं काय? — एक बाबा

उत्तर: असतं हो. पण तुम्ही फोनवर काय विचारलंत ते सांगा. "कथकचं क्रेडिट देता का" असं विचारलं असेल तर फोन घेणारी व्यक्ती नाहीच म्हणणार, तिला कथक म्हणजे काय तेच माहीत नसतं. "ऑप्शन टू" म्हणून विचारा, आणि ऑफिसात नाही, मुलीच्या गायडन्स कौन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, मेल करून विचारा, म्हणजे उत्तर लेखी येतं.

झालंय असं की न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला कमीत कमी १२० क्रेडिट लागतात, क्रेडिट म्हणजे विषय पुरा केल्याचं शाळेचं माप. वर्षभर रोज चालणारा एक विषय म्हणजे ५ क्रेडिट. हे मिळवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे वर्गात बसणं, आणि राज्याच्या नियमातच दुसरा रस्ता दिलाय तो हा ऑप्शन टू, म्हणजे तेच शिक्षण वर्गाबाहेर घ्यायचं, इंटर्नशिप, स्वतंत्र अभ्यास, ऑनलाइन कोर्स, कॉलेजचा कोर्स, काही डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावोगावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळांत, नाच आणि खेळ पण. आता गोम इथे आहे. राज्यानं फक्त दार ठेवलंय, उघडायचं किती ते डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि आपल्याकडे डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास आहेत! त्यामुळे मैत्रिणीच्या मुलीला पलीकडच्या गावात मिळालं म्हणजे तुमच्याकडे मिळेल असं अजिबात नाही. आमच्याकडे मिळालं म्हणून तर नाहीच नाही.

पीईचं विचाराल तर दरवर्षी ३.७५ क्रेडिट हेल्थ, सेफ्टी आणि पीई मिळून लागतात, आणि कायद्यात आठवड्याला अडीच तास म्हटलंय. म्हणजे तुमच्या मुलीचे तीन दिवसांचे क्लास मिळून अडीच तासांच्या वर जायला हवेत, तेही दर आठवड्याला, गुरूंच्या सहीनिशी. हेल्थ मात्र बहुतेक ठिकाणी वर्गातच करावं लागतं, ते सुटत नाही.

आता मागच्या अंकात जे मी सोयीस्करपणे लिहिलं नाही ते सांगते. नववीत आमचं धरलं. दहावीत नाकारलं. नववीत सगळं सुरळीत झाल्यामुळे आम्ही दहावीत निवांत, फॉर्म उन्हाळ्यात द्यायचा तो सप्टेंबर उजाडल्यावर दिला, तरी कौन्सेलर भली, तिनं कसाबसा घेतला. मग जूनमध्ये हजेरीचा कागद द्यायची वेळ आली तेव्हा मोठी म्हणते, आई, सह्या राहिल्यात. ३६ आठवड्यांच्या ३६ सह्या! गुरुजींनी बिचाऱ्यांनी चहा पिता पिता एका बैठकीत, एकाच निळ्या पेनानं, खालपर्यंत एकाच तिरक्या वळणात सगळ्या करून दिल्या. ज्या आठवड्यात क्लासला सुट्टी होती, गुरुजी भारतात होते, त्या आठवड्याची पण सही! कौन्सेलरनं कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं, परत खाली ठेवला. मी काही बोलूच शकले नाही. पोरगी वर्षभर खरंच नाचली होती, घाम गाळला होता, पण कागद खोटा दिसत होता आणि खरं सांगायचं तर थोडा खोटा होताच. बारावीत तिला पीईचे डबल पिरियड घ्यावे लागले. अजून टोमणे मारते.

त्यामुळे माझं सांगणं एकच, पुढच्या सगळ्या उत्तरांत तेच येणार आहे. मंजुरी आधी, शिकणं नंतर, आणि शिकल्याचा पुरावा त्याच त्याच आठवड्यात. आधीच शिकून झालेल्या गोष्टीला मागून क्रेडिट मागायला गेलात तर फार ठिकाणी दार बंद असतं. आणि सही आईबाबांची चालत नाही, आई स्वतः कथक शिकवत असली तरी.

प्रश्न: ताई, याच ऑप्शन टू मधून मुलाचं जॉमेट्री समरला उरकून घ्यायचा विचार आहे, म्हणजे अकरावीतच कॅल्क्युलस येईल. सगळेच करतायत. चांगला प्रोव्हायडर सुचवाल का? — एक आई, न्यू जर्सी

उत्तर: नाही सुचवणार. सगळेच करतायत हे मला दिसतंय, आमच्या गल्लीत जुलैमध्ये पोरं पूलवर कमी आणि लॅपटॉपपुढे जास्त असतात. वर्षभराची जॉमेट्री सहा आठवड्यांत. करता येते, नाही असं नाही, आणि ज्या मुलाला गणिताची खरी भूक आहे त्यानं जरूर करावी. पण बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये बाहेरून कोर्स केला तरी शाळेची स्वतःची परीक्षा द्यावी लागते, तिथे नापास झाला तर सहा आठवडे पण गेले आणि फी पण, आणि जेमतेम पास झाला तर त्याहून वाईट, पुढच्या वर्गात पाया कच्चा घेऊन बसतो. शिवाय अशा क्रेडिटला पुष्कळदा नुसता "पास" शेरा मिळतो, जीपीएत, म्हणजे मार्कांच्या सरासरीत, धरत नाहीत, म्हणजे ज्या जीपीएसाठी हा आटापिटा तिथे त्याचा उपयोग शून्य. मुलाला विचारलंत का? मेलमध्ये त्याचं मत कुठे दिसलं नाही.

प्रश्न: बाळ, मी कर्वेनगरहून लिहिते आहे, वय ७४. माझी नात अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला नॅशुआत असते, दहावीत. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली की आजी, मी मंगळवारी दुपारी शाळेत नाही जात, जनावरांच्या डॉक्टरकडे जाते आणि त्याचे मला शाळेत मार्क मिळतात. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, अगं हो, तिकडे असंच असतं. मला काही ते पटलेलं नाही. शाळा चुकवते आहे का ती? — एक आजी

उत्तर: आजी, नमस्कार. नाही हो, चुकवत नाहीये. उलट मला विचाराल तर नातीनं तुम्हाला सांगितलं तेवढं सोपं ते नाहीच, काम जास्त आहे त्यात.

तुमच्याआमच्या वेळी विषय म्हणजे वर्षभर वर्गात बसायचं आणि शेवटी पेपर. अमेरिकेत त्याच्या जोडीला क्रेडिट नावाचं मोजमाप आहे, आणि ते कुठून आलं ते ऐकलंत तर हसाल. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी या पोलादवाल्या शेठजींनी एक कोटी डॉलर दिले, कशासाठी, तर कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावं म्हणून! आता पेन्शन द्यायचं तर कॉलेज कशाला म्हणायचं ते ठरवायला नको का, मग कॉलेजात येणारा मुलगा हायस्कूलमध्ये किती शिकून आला ते मोजायला हवं, म्हणून माप ठरलं, एका विषयाचे वर्षाला १२० तास म्हणजे एक युनिट. पेन्शनच्या हिशोबासाठी काढलेली फूटपट्टी, ती देशभरातल्या शाळांना चिकटली ती शंभर वर्षं निघेना. मूल १२० तास बसलं की झालं, डोक्यात काय गेलं त्याचा त्या मापाशी संबंध नाही. आता तर कार्नेगींची ती संस्थाच म्हणतेय की हे माप बदलायला हवं.

न्यू हॅम्पशायरनं यात पुढाकार घेतला. २००५ मध्ये नियम बदलले आणि शाळांना सांगितलं की २००८-०९ पर्यंत क्रेडिट तासांवर नाही, मुलाला काय येतं त्यावर द्यायला लागा. आणि ते काय येतं ते वर्गातच शिकलं पाहिजे असं नाही. म्हणून तिथे ईएलओ नावाचा प्रकार आहे, विस्तारित शिक्षणसंधी म्हणू आपण. नात जाते ती त्यातच जात असणार. नुसतं डॉक्टरकडे जाऊन कुत्री धरायची आणि मार्क घ्यायचे असं नाही ते. शाळेतला एक शिक्षक तिच्यावर लक्ष ठेवायला असतो, तिकडे ते डॉक्टर मार्गदर्शक, आणि तिला चार गोष्टी कराव्या लागतात, विषयाचा अभ्यास करून माहिती काढायची, आपण काय शिकलो ते वेळोवेळी लिहायचं, काहीतरी तयार करून दाखवायचं, आणि शेवटी चार लोकांपुढे उभं राहून सांगायचं, ते प्रश्न विचारतात. कुत्र्याच्या लसीबद्दल तुमची नात आत्ता कदाचित माझ्या डॉक्टर दिरापेक्षा जास्त सांगेल.

पुढच्या रविवारी तिला एवढंच विचारा की बाळा, ते लिहायचं असतं ते लिहितेस का, आणि मला वाचून दाखव. मराठीत सांगायला लावा. लिहीत असेल तर तुम्ही निश्चिंत राहा, लिहीत नसेल तर मुलाला फोन करा.

प्रश्न: ताई, आम्ही बेलव्ह्यू, वॉशिंग्टन. मुलगा दर रविवारी मराठी शाळेत जातो, सहा वर्षं झाली, रडतरडत का होईना. आता हायस्कूलमध्ये त्याला स्पॅनिश घ्यायचा कंटाळा आलाय. मराठीचं क्रेडिट मिळतं असं ऐकलं, खरं का? — एक आई

उत्तर: खरं, आणि तुम्ही नशीबवान, कारण याबाबतीत तुमचं राज्य आमच्यापेक्षा बरंच पुढे आहे. तिथे बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये भाषेची परीक्षा द्यायची आणि लेव्हलप्रमाणे क्रेडिट घ्यायचं, वर्गात एक दिवस न बसता. भाषा कुठे शिकलात, रविवारच्या शाळेत की आजीच्या मांडीवर, ते कोणी विचारत नाही. नवशिक्याच्या मधल्या पायरीला, म्हणजे नोव्हिस मिडला, १ क्रेडिट, नोव्हिस हायला २, इंटरमीजिएट लोला ३ आणि इंटरमीजिएट मिडला ४. पास व्हायला तिथे एकूण २४ लागतात (आमच्यासारखी १२० नाहीत, तिथलं माप वेगळं) आणि त्यात जागतिक भाषेची २, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

मराठीची परीक्षा स्टॅम्प डब्ल्यूएस नावाच्या टेस्टमध्ये आहे, लिहिणं आणि बोलणं दोन्ही. बोलण्यात आपली मुलं तरून जातात, हेडफोन लावून माइकमध्ये बोलायचं, घरात रोज ओरडतोच आपण मराठीत. मार खातात ती लिहिण्यात. आमच्या धाकट्याचं सांगते, त्याला "आम्ही गणपतीला आजीकडे गेलो" हे फाडफाड सांगता येतं, पण कीबोर्डवर "ळ" सापडेना, दहा मिनिटं शोधत होता, शेवटी "खेळलो" चं "खेललो" करून मोकळा झाला. मुलं एकमेकांना इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, देवनागरीची बोटांना सवयच नाही. त्यामुळे परीक्षेच्या आधी दोन महिने रोज पाच ओळी, देवनागरीत, कॉम्प्युटरवर. काय लिहू म्हणाला तर आज डब्यात काय होतं ते लिही म्हणा.

आणि अजून एक. वरच्या लेव्हलला नुसती सुटी सुटी वाक्यं चालत नाहीत, "मला क्रिकेट आवडतं. मी खेळतो. मजा येते." यावर नोव्हिसच्या पुढे जाणं कठीण. "मला क्रिकेट आवडतं पण इकडे टीम नाही म्हणून मी शनिवारी बाबांबरोबर जातो, कारण..." असं वाक्याला वाक्य जोडता आलं पाहिजे, सुरुवात मध्य शेवट असं सांगता आलं पाहिजे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेची, शाळा असेल किंवा दुसरी कुठली, तिथल्या शिक्षिकांना सांगा की हे करून घ्या, त्या आनंदानं घेतील, हाताने भिंतीला चुना लावल्यासारखी बाराखडी गिरवून घेण्यापेक्षा त्यांनाही ते बरं वाटेल.

कॉलेजचं म्हणाल तर वॉशिंग्टनची सरकारी विद्यापीठं ही क्रेडिट धरतात. खासगी आणि फार चुरशीच्या ठिकाणी जायचं असेल तर आधी त्यांनाच मेल करून विचारा, काहींना भाषा वर्गात वर्षानुवर्षं घेतलेली बघायची असते. आमच्या न्यू जर्सीत पण भाषेची ५ क्रेडिटची अट नोव्हिस हाय दाखवून पूर्ण करता येते, हे इकडच्या पालकांसाठी, म्हणजे परत मेल नको.

प्रश्न: आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही येणार का? — एक शिक्षक, नाशिक

उत्तर: सर, थोडं आहेच की. एलिमेंटरी, इंटरमीजिएट चित्रकला, शास्त्रीय गायन-नृत्य, खेळ यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, पण ते गुण वरून घातल्यासारखे, विषयाच्या जागी नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, त्यात वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशोब आहे आणि वर्गाबाहेरचे तास, खेळ, कला, इंटर्नशिप पण मोजायची सोय कागदावर आहे. शाळेत प्रत्यक्षात काय दिसतंय ते तुम्हीच मला लिहा, तुम्ही तिथे आहात.

प्रश्न: हाय ताई, मी स्वतः लिहितेय, आई टाइपिंगला मदत करतेय. मी ओहायोत अकरावीत आहे. दर शनिवारी एका वर्कशॉपमध्ये जुन्या सायकली दुरुस्त करते, त्या गरजू लोकांना देतात. मला याचं क्रेडिट घ्यायचंय. बाबा म्हणतात हा टाइमपास आहे, त्यापेक्षा एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घे. मी काय करू? — एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं वा! एवढ्या सगळ्या मेलांत मुलाचं स्वतःचं असं हे एकच पत्र.

तुझ्या राज्यात याला क्रेडिट फ्लेक्सिबिलिटी म्हणतात आणि २०१०-११ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला त्याची पॉलिसी ठेवावीच लागते, म्हणजे "आमच्याकडे नसतं" असं शाळा म्हणू शकत नाही. एरवी तिथे एक क्रेडिट म्हणजे १२० तास, तेच ते आजींना सांगितलेलं पेन्शनवालं माप, लॅबच्या विषयाला १५०. क्रेडिट फ्लेक्समध्ये तास मोजत नाहीत, काय येतं ते दाखवायचं. पण ठरवणार शाळेतला शिक्षक, ज्याच्याकडे त्या विषयाचं लायसन्स आहे. म्हणून पहिलं काम, "सायकल" या शब्दानं सुरुवात करू नकोस. फिजिक्सच्या शिक्षकांकडे जा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला ११ असतील तर पेडल एकदा फिरवलं की मागचं चाक चार वेळा फिरतं, हे तू हातानं करतेस दर शनिवारी. मग चढावर लोक मागचं चक्र मोठं का घेतात, ब्रेकची केबल ढिली झाली की लिव्हर किती जास्त दाबावा लागतो, स्पोक एका बाजूला जास्त आवळला की रिम डुगडुगते ती का, हे सगळं मोजता येतं आणि लिहिता येतं. हे विज्ञानात बसतंय की इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयात, ते शिक्षक सांगतील, इलेक्टिव्ह म्हणाले तरी नाराज होऊ नकोस.

एक पानाचा प्लॅन लिही. मी काय शिकणार, कोणाकडून, कधीपर्यंत, आणि शिकले हे कसं दाखवणार. शेवटच्या मुद्द्यावर सगळं अडतं. "मी पन्नास सायकली दुरुस्त केल्या" हा पुरावा नाही, ती समाजसेवा झाली, छानच आहे पण वेगळी. तीन बिघडलेल्या सायकली शिक्षकांपुढे ठेवायच्या, बिघाड काय, कारण काय, दुरुस्ती काय ते सांगायचं आणि तिथल्या तिथे करून दाखवायचं, असं काहीतरी लिही. आत्तापर्यंत केलेल्या शनिवारांचं मागू नकोस, पुढच्या सेमिस्टरचं माग. आणि वर्कशॉपमधल्या दादांना आजच सांगून ठेव की दर शनिवारी निघताना सही हवी, त्याच दिवशी. वर निळ्या पेनाची गोष्ट वाचलीसच.

बाबांचं म्हणशील तर ते अगदीच चुकीचे नाहीत, तुला इंजिनिअरिंगला जायचं असेल तर एपी फिजिक्स लागेलच, हे त्याच्या जागी नाही. पण एपी घेणाऱ्या वर्गात स्पोक आवळता येणारी किती जण आहेत ते त्यांना विचार. पुढच्या शनिवारी त्यांनाच वर्कशॉपला घेऊन जा, हात काळे होऊ देत.